‘अगदी लेड झेपेलिनसारखे’ म्हणजे नेमके कशासारखे?

गेल्या गणपतीत देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत डबलबारीचा, म्हणजे दोन भजनी बुवांच्या चढाओढीचा, सामना होता. दुसऱ्या बारीला बसलेले बुवा जेमतेम पंचविशीचे होते. त्यांनी हार्मोनियमवर सूर धरून पहिला आलाप घेतला आणि शेजारी बसलेले आबा लगेच म्हणाले, “ह्येचो आवाज तर थोरल्या बुवांसारखोच लागता.” थोरले बुवा जाऊन आता वीस वर्षे झाली. पुढचे दीड-दोन तास तो तरुण काय गात होता याकडे आबांचे फारसे लक्ष नव्हते. प्रत्येक जागेला त्यांना थोरल्या बुवांची जागा आठवत होती. माझ्या दुसऱ्या बाजूला भाचा बसला होता. तो रत्नागिरीला शिकतो, गिटार वाजवतो आणि मिळेल तेव्हा मला त्याच्या आवडीचे रॉक ऐकवतो. तो हळूच म्हणाला, “मावशी, ग्रेटा व्हॅन फ्लीटचं पण अस्संच झालंय.”

ग्रेटा व्हॅन फ्लीट हा अमेरिकेतला तरुण रॉक बँड, आणि तो ‘अगदी लेड झेपेलिनसारखा’, म्हणजे अर्धशतकापूर्वीच्या एका गाजलेल्या बँडसारखा वाजतो, असे त्याच्याबद्दल सतत म्हटले जाते. भाच्याच्या या एका वाक्यावर मी नंतर बरेच दिवस विचार केला. नवा रॉक बँड जरा गाजला की ‘हे तर जुन्या अमक्याची नक्कल’ असा एक मथळा येतो आणि ‘रॉक पुन्हा जिवंत झाले’ असा दुसरा. ज्यांनी हे संगीत फारसे ऐकलेले नाही त्यांना हा वाद नेमका कशावरून आहे तेच उमगत नाही, आणि ज्यांनी पुष्कळ ऐकले आहे ते ‘सारखे’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या अर्थांनी वापरत राहतात. ते चार अर्थ सुटे केले तर वादाचा निम्मा गुंता सुटेल, असे मला वाटते.

आधी ओळख

लेड झेपेलिन हा बँड १९६८ साली लंडनमध्ये उभा राहिला. गिटारवर जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बेस आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवर जॉन बोनम, असे ते चौघे. पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये आला. सप्टेंबर १९८० मध्ये बोनम यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरवून उरलेल्या तिघांनी त्याच वर्षी बँड थांबवला. जेमतेम बारा वर्षांचा हा संसार. पण जड गिटार, उंच पट्टीतला गळा आणि छातीत घुमणारे ड्रम ही जोडणी त्यानंतर ज्याने ज्याने केली, त्याला त्यांच्या फूटपट्टीने मोजले गेले.

ग्रेटा व्हॅन फ्लीट हा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्रँकनमथ या छोट्या गावचा बँड. जॉश आणि जेक किस्का हे जुळे भाऊ, त्यांचा धाकटा भाऊ सॅम आणि मित्र डॅनी वॅगनर असे त्यातले चौघे आहेत. घरातल्या जुन्या तबकड्यांवर ब्लूज ऐकत वाढल्याचे ते सांगतात. २०१७ साली त्यांचे पहिले गाणे अमेरिकी रॉक रेडिओवर पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तेव्हापासून ‘हे लेड झेपेलिनच’ हे पालुपद त्यांच्यामागे लागले. खुद्द रॉबर्ट प्लांट यांनी २०१८ मध्ये एका मुलाखतीत, हा बँड म्हणजे पहिल्या अल्बमच्या वेळचे लेड झेपेलिन आहे, अशा अर्थाचे हसतखेळत उद्गार काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रेटा व्हॅन फ्लीटचा पहिला पूर्ण अल्बम आला, तेव्हा ‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाने त्याला दहापैकी १.६ गुण दिले. पुढे चारच महिन्यांत, आधीच्या एका छोट्या अल्बमसाठी, त्यांना सर्वोत्तम रॉक अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तिरस्कार आणि सन्मान, दोन्ही त्या एकाच साम्यापोटी आले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत पहिल्यांदा झालेल्या लोलापालूझा महोत्सवाच्या यादीत त्यांचे नाव झळकले, तेव्हा आपल्याकडेही हीच चर्चा झाली.

कानाला ‘सारखे’ वाटते ते कशामुळे?

हार्मोनियमचा सा आणि सनईचा सा यांची उंची एकच असली तरी डोळे मिटूनही आपण दोन्ही वेगळे ओळखतो. कोणत्याही सुरात मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची बारीक कंपने मिसळलेली असतात, आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक वाद्यात व प्रत्येक गळ्यात निराळे असते. या मिश्रणाला आपण नादाचा पोत म्हणू. ओळखीच्या गाण्याचा सेकंदाहूनही लहान तुकडा कानावर पडला तरी आपण ते पुष्कळदा ओळखतो, तेव्हा चाल पुरती सुरूही झालेली नसते. ओळख पटते ती पोतावरून. म्हणूनच आबांनी पहिल्या आलापातच निकाल देऊन टाकला. शब्द, चाल, मांडणी हे सारे नंतर येते, आणि तोवर मनात चिठ्ठी चिकटवून झालेली असते.

रॉकच्या गिटारचा पोत कसा तयार होतो, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. देवळातल्या भोंग्याचा आवाज वाजवीपेक्षा वाढवला की तो फाटतो. म्हणजे यंत्राला झेपते त्याहून मोठी लहर त्यातून जायला पाहते, लहरीचा माथा आणि तळ सपाट कापला जातो, आणि त्या कापण्यातून मूळ सुरात नसलेली कंपने नव्याने जन्माला येतात. आपण तिथे धावत जाऊन आवाज कमी करतो. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्लूज आणि रॉकच्या गिटारवादकांना हा फाटलेला आवाजच आवडू लागला, आणि तो हवा तसा आणि हवा तेवढा फाडण्याची एक कलाच तयार झाली. जिमी पेज त्या कलेतले मोठे कारागीर होते.

आता स्वर घेऊ. हे सारे संगीत ब्लूजवर उभे आहे. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आलेले गाणे. त्यात फार वापरले जाणारे पाच स्वर म्हणजे सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. संगीत शिकलेल्या वाचकाच्या लगेच लक्षात येईल की हे धानीचे स्वर आहेत. कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मधली जागा तार ओढून, मींड घेतल्यासारखी दाखवायची, ही त्याची खास खूण. या पाच स्वरांत फाटलेल्या गिटारवर एखादा छोटा तुकडा बांधायचा आणि तबल्याच्या एकलवादनात हार्मोनियमवाला लहरा धरून ठेवतो तसा तो गाणेभर फिरवत ठेवायचा. या तुकड्याला रिफ म्हणतात. पाचच स्वर, एकच पोत, तोच चार मात्रांचा ठेका आणि वर तार सप्तकात छाती फोडून गाणारा तरुण गळा, एवढे एकत्र आले की कोणीही कोणासारखा वाटणारच. दोन गवयांनी भूप मांडला, तर दुसऱ्याने पहिल्याची नक्कल केली असे आपण म्हणत नाही.

जे विकत मिळते आणि जे मिळत नाही

लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यातल्या ड्रमचा आवाज जगभर नावाजला जातो. तो इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यातल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात मिळाला. ड्रम जिन्याच्या तळाशी, उंच दालनात मांडले होते आणि मायक्रोफोन वर, जिन्यावरून खाली सोडले होते. आपल्या देवळाच्या सभामंडपात पखवाज वाजतो, तेव्हा थाप आधी कानावर येते आणि मग लाकूड, दगड आणि छप्पर तिला उत्तर देतात. त्या ड्रमना तसेच त्या घराचे उत्तर मिळाले आहे. आज तसे ड्रम, तसे मायक्रोफोन मिळतात, आणि ते नसले तरी संगणकावर त्या जिन्याच्या घुमाऱ्याची बेमालूम प्रतिकृती करता येते. पोत म्हणजे पुष्कळसे सामान आहे, आणि सामान पैसे मोजून आणता येते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. १९७५ सालच्या ‘कश्मीर’ या गाण्यात ड्रम चार-चार मात्रांच्या संथ चालीने जातात आणि त्यावर गिटार व तंतुवाद्यांचा तुकडा तीन-तीनच्या गटाने वर चढतो. पुढचा प्रयोग वाचकाने खरोखर करून पाहावा. मनात एकसारख्या मात्रा मोजाव्यात, उजव्या हाताने दर चौथ्या मात्रेला मांडीवर थाप द्यावी आणि डाव्या हाताने दर तिसऱ्या मात्रेला चुटकी वाजवावी. हात एकमेकांना सोडून जातात, आपण चुकलो असे वाटू लागते, आणि बाराव्या मात्रेवर दोन्ही अचानक एकत्र येतात. गाण्यातून जो एक अवाढव्य काफिला चालल्यासारखा वाटतो, तो या सुटण्या-भेटण्यातून. हे कोणत्याही दुकानात मिळत नाही. कोणाला तरी सुचावे लागते, आणि इतरांना ते अंगात मुरवावे लागते.

तेव्हा साम्य पोतात आहे की मांडणीत, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. माझे प्रामाणिक मत असे आहे की ग्रेटा व्हॅन फ्लीटच्या सुरुवातीच्या गाण्यांत पोताचे साम्य फार मोठे आहे आणि मांडणीचे बरेच कमी आहे, आणि त्यांची खरी उणीवही तिथेच होती. लेड झेपेलिनची एक-दोन गाणी मूळ सामग्रीला जिथे वळण देतात, तिथे ही मुले सरळ रस्त्याने पुढे जातात.

मुळात लेड झेपेलिन तरी कोणासारखे होते?

आज स्वयंभू वाटणाऱ्या या बँडला स्वतःच्या जन्माच्या वेळी हेच ऐकून घ्यावे लागले होते. १९६९ साली ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकाने त्यांच्या पहिल्या अल्बमला नाक मुरडले, ते गिटारवादक जेफ बेक यांच्या बँडशी तुलना करूनच. त्या बँडने जे आधी आणि बरे केले तेच हे करत आहेत, असा त्याचा सूर होता. तुलनेला आधारही होता. विली डिक्सन या ब्लूज रचनाकाराचे एकच गाणे दोघांच्याही पहिल्या अल्बमवर होते, आणि जेफ बेक यांच्या मुद्रणात ऑर्गन वाजवणारे गृहस्थ होते जॉन पॉल जोन्स.

इतकेच काय, वर सांगितलेले ते ड्रमचे प्रसिद्ध गाणे मूळचे १९२९ सालचे आहे. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला आलेल्या महापुरावर मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या कृष्णवर्णीय ब्लूज जोडीने ते ध्वनिमुद्रित केले होते. नदीचा बांध फुटून घरे वाहून गेल्याचे ते दुःख. आपल्या खाडीकाठच्या माणसाला ते वेगळे सांगायला नको.

मग तेही नक्कलच झाले का? इथे मला आंब्याची गोष्ट आठवते. हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाही; जे झाड येते ते रायवळ, त्याची चव त्याची स्वतःची. हापूसच हवा असेल तर रायवळाच्या रोपावर हापूसच्या काडीचे कलम बांधावे लागते. लेड झेपेलिनने अनेकदा ब्लूजची कोय पेरली आणि झाड निराळेच आले. नव्या बँडवरचा आक्षेप असा आहे की त्यांनी तयार झाडाची काडी आणून कलम बांधले. हा आक्षेप काही अंशी खरा आहे. मात्र एकाच झाडाची कलमे समुद्राजवळच्या कातळावर आणि आतल्या जांभ्या मातीत लावली, तर दोन्हीकडच्या फळांत फरक पडतो, हे आपला कोणताही बागायतदार सांगेल. मूळ तेच असले तरी जमीन फळात उतरतेच, पण त्यासाठी झाडाला काही हंगाम द्यावे लागतात.

मग चोरी कुठे सुरू होते?

शैली ही कोणाची मालमत्ता नसते; विशिष्ट रचना असते. बिहागवर कोणाचा हक्क नाही, पण बिहागात कोणी आज बांधलेल्या बंदिशीवर असू शकतो. कायद्याचा गाभा एवढाच आहे. लेड झेपेलिन या रेषेच्या दोन्ही बाजूंना सापडलेले आहेत. ‘होल लोटा लव्ह’ या गाण्यावरून विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तो आपसात मिटला आणि आता त्या गाण्याच्या श्रेयात डिक्सन यांचे नाव येते. हे व्हायलाच हवे होते, आणि फार आधी व्हायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

‘स्टेअरवे टू हेवन’चे प्रकरण याच्या उलट आहे. त्याची सुरुवात स्पिरिट या बँडच्या १९६८ सालच्या एका वादनाशी जुळते म्हणून २०१४ मध्ये दावा झाला. ज्यूरीने २०१६ मध्ये लेड झेपेलिनच्या बाजूने कौल दिला, अपिलात २०१८ मध्ये फेरसुनावणीचा आदेश निघाला, आणि मार्च २०२० मध्ये मोठ्या पीठाने मूळ कौल कायम केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. दोन्ही गाण्यांतला तो अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरणारा तुकडा शतकानुशतके वापरात असलेली सामायिक सामग्री आहे, असा बचाव होता. घराच्या चिऱ्यावर मालकी सांगता येत नाही. घरावर सांगता येते. ग्रेटा व्हॅन फ्लीटने चिरे त्याच खाणीतले आणले आहेत, पण त्यांनी कोणाचे घर उचलले, असे कोणी दाखवून दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

‘मूळ ऐकायला मिळत असताना हे कशाला ऐकायचे?’

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पूर्वी बँड संपला की त्याच्या तबकड्याही दुकानातून हळूहळू दिसेनाशा होत. आज १९६९ चा अल्बम आणि या महिन्यातला अल्बम मोबाइलवर शेजारी शेजारी बसतात. शिवाय गाणी सुचवणारी यंत्रणा, हे ऐकणारे तेही ऐकतात एवढ्या हिशोबावर, नव्याला जुन्याच्या मागोमाग लावून देते. म्हणजे तुलना करायची नसली तरी यंत्र ती करून समोर ठेवते.

तरीही त्याला एक उत्तर आहे, आणि ते मुद्रणात नाही, प्रत्यक्ष मैफलीत आहे. बोनम नाहीत. डिसेंबर २००७ मध्ये लंडनला उरलेले तिघे बोनम यांचा मुलगा जेसन याला घेऊन एका रात्रीपुरते एकत्र वाजले, आणि ते तेवढ्यावरच थांबले. प्लांट यांनी तर त्याच वर्षी अ‍ॅलिसन क्रॉस या लोकसंगीताच्या अंगाने गाणाऱ्या गायिकेबरोबर अगदी हळुवार, खालच्या स्वरातला अल्बम काढला, आणि २००९ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. स्वतःच्या विशीतल्या गळ्याची नक्कल करायला खुद्द प्लांटच तयार नाहीत. मग तो आवेग, तो घाम, कानाचे पडदे हलवणारा तो ठोका एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाने समोर उभे राहून अनुभवायचा कुठे? थोरले बुवा गेले म्हणून वाडीतली बारी बंद करायची नसते.

पाखडलेले तांदूळ आणि खळ्यावरचे भात

आणखी एक अन्याय या तुलनेत दडलेला आहे. १९६९ च्या सुमारास ब्लूजवर आधारलेले जड रॉक वाजवणारे कितीतरी बँड होते. त्यांतले बहुतेक आज कोणाला आठवत नाहीत. जे उरले ते काळाच्या सुपात पाखडून उरले. त्यातही लेड झेपेलिनची बारा वर्षांतली उत्तम गाणीच आपण ऐकतो. म्हणजे एका बाजूला निवडून, पाखडून डब्यात भरलेले तांदूळ आहेत आणि दुसऱ्या बाजूला खळ्यावरून आत्ताच आणलेले, कोंड्यासकटचे भात.

मात्र वय लहान म्हणून सवलत द्यावी, या युक्तिवादाशी मी सहमत नाही. पहिल्या अल्बमच्या वेळी प्लांट वीस वर्षांचे होते. जॉश किस्का त्यांच्या पहिल्या अल्बमच्या वेळी बावीस वर्षांचे. फरक वयाचा नाही, तयारीचा आहे. पेज आणि जोन्स बँड सुरू होण्याआधी लंडनच्या स्टुडिओंमध्ये इतरांच्या असंख्य गाण्यांना साथ करून तयार झालेले वादक होते. दशावतारात वर्षानुवर्षे शंकासुरापासून राजापर्यंत पडेल ती सोंगे घेतलेला नट जसा ऐनवेळी कोणत्याही भूमिकेत उभा राहतो, तशी ती तयारी होती. शिवाय त्यांचे कान उघडे होते. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईला आले आणि इथल्या वादकांबरोबर आपली दोन गाणी पुन्हा वाजवून त्यांनी ध्वनिमुद्रित केली. ती २०१५ साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाली आहेत. जमेल तसे झाले ते प्रयोग आहेत, पण जरूर ऐकावेत.

सावलीतून कोण बाहेर पडले?

तुलना झालेल्या बँडांचे पुढे काय झाले, ते दोन उदाहरणांत पाहता येते. १९८८ साली किंगडम कम नावाचा बँड आला. साम्य इतके होते की त्याला ‘किंगडम क्लोन’ असे टोपणनाव पडले. अल्बम खपला, पण दुसऱ्या अल्बमनंतर १९८९ मध्येच ती मूळ मंडळी विखुरली.

कॅनडातल्या टोरंटोच्या रश या बँडची गोष्ट वेगळी आहे. १९७४ मध्ये त्यांचे ‘वर्किंग मॅन’ हे गाणे क्लीव्हलँडच्या रेडिओ केंद्रावर लागले, तेव्हा लेड झेपेलिनचा नवा अल्बम आला का, असे विचारणारे फोन केंद्रावर येऊ लागले. ते साम्यच त्यांच्या पथ्यावर पडले, कारण त्यातूनच त्यांना अमेरिकेत तबकड्या काढणारी कंपनी मिळाली. त्याच वर्षी नील पिअर्ट हे नवे ड्रमवादक आले आणि गाण्यांचे शब्दही तेच लिहू लागले. कंपनीला सोपी, छोटी गाणी हवी असताना १९७६ मध्ये त्यांनी तबकडीची एक अख्खी बाजू, सुमारे वीस मिनिटे, एकाच सलग कथेला दिली, आणि अल्बम चालला. त्यानंतर त्यांना कोणी लेड झेपेलिन म्हटले नाही. २०१३ मध्ये ते रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेले.

सुरुवातीचे साम्य दोघांच्याही वाट्याला आले होते. फरक पडला तो साम्यामुळे उघडलेल्या दारातून आत गेल्यावर त्यांनी काय केले, यात. त्या दृष्टीने ग्रेटा व्हॅन फ्लीटचा २०२१ चा अल्बम मला महत्त्वाचा वाटतो. त्यात गाणी लांबली आहेत, कीबोर्ड आणि तंतुवाद्ये आली आहेत, आणि काही समीक्षकांना ते ऐकून चक्क रशची आठवण झाली. २०२३ च्या अल्बममध्ये ते पुन्हा थोडे मोकळ्या, रांगड्या वादनाकडे वळले. वाट अजून सापडलेली नाही, पण शोध चालू आहे हे ऐकू येते. भाच्याला मी एवढेच सुचवले की पहिला अल्बम आणि तिसरा अल्बम एकाच बैठकीत, मध्ये दुसरे काही न लावता ऐक, आणि पोत विसरून फक्त मांडणीकडे लक्ष दे. त्याने ऐकले, आणि तिसऱ्यातली दोनच गाणी त्याला खरोखर ‘त्यांची’ वाटली. दोन म्हणजे कमी नव्हेत.

त्या रात्रीची बारी पहाटे संपत आली होती. शेवटच्या गजराला तरुण बुवांनी हात वर करून पखवाज थांबवला, झांजा थांबवल्या, हार्मोनियमचा भाता सोडून दिला, आणि कोरसच्या मुलांना नुसत्या टाळ्यांवर एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावली. हळूहळू मांडवातले लोकही त्यात मिसळले, आणि मग पखवाज एकदम दुगुनीत सुरू झाला. थोरल्या बुवांनी असे कधी केले नव्हते. आबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. ते सरळ होऊन बसले आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “ही चाल खयची गो?”